पंधराजणींचा वर्ग

"सल्मिया! ए सल्मिया! खाली ये, नाहीतर मी वर येते!"

नदीवरून हाक आली तेव्हा मी खालीच होते. आमच्या गावातली घरं उंच लाकडी खांबांवर असतात. त्या खांबांमधल्या सावलीत बसून मी केतकीची पानं चिरत होते. माझी आई, म्हणजे आमच्या भाषेत मक, त्या पानांच्या चटया विणायची. मी सुरी टाकली आणि नदीच्या पायऱ्यांकडे धावले.

हस्ना होडीत उभी होती. ती वरच्या अंगाच्या गावातली, शाळेत माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारी. कपाळावर घाम, हातात ओलं वल्हं, आणि तोंडात, अगदी दातांत, धरलेलं एक पाकीट. तिनं ते माझ्या अंगावर फेकलं.

"वाच. आधी वाच, मग बोल."

पत्र आमच्या मुख्याध्यापिकेचं होतं. चिक्गू रोहानी. चिक्गू म्हणजे बाई, गुरुजी, दोन्ही. पत्रात फार लिहिलेलं नव्हतं. सोमवारी सकाळी नऊ वाजता शिक्षण खात्याचे निरीक्षक येणार आहेत. वरच्या इयत्तेत शास्त्राचा वर्ग उघडायचा तर पंधरा मुली समोर हजर हव्यात. सुट्टीवरून अकराच परतल्या आहेत. सेरुनाई नदीवरच्या चौघींची वाट पाहते आहे.

"सोमवार म्हणजे उद्या!" मी किंचाळले.

"म्हणून तर रात्र सरायच्या आत निघाले. रस्ता पुरानं वाहून गेलाय, बस बंद आहे. होडीशिवाय इलाज नाही. तू, मी, झैतून आणि मैमून. चौघी गेलो तर पंधरा. एक कमी पडली तर सगळ्यांना शिवणकामाच्या वर्गात घालणार."

हे सगळं एकोणीसशे अठ्ठावन्नच्या जानेवारीतलं. देश स्वतंत्र होऊन पाच महिनेही झाले नव्हते. मलय मुलींसाठी आमच्या भागात माध्यमिक शाळा अशी ती एकच, बुकित चेम्पाका, म्हणजे चाफ्याची टेकडी. मलय मुलींनी शास्त्र शिकावं हे तोवर कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. चिक्गू रोहानींच्या डोक्यात आलं. त्यांनी दोन वर्षं अर्ज केले, खेटे घातले, एका रिकाम्या कोठीला चुना लावून तिची प्रयोगशाळा केली.

आणि मी मात्र घरी केतकीची पानं चिरत बसले होते, कारण माझ्या आजोबांनी मला परत पाठवायचं नाही असं ठरवलं होतं.

आजोबांना आम्ही तोक म्हणतो; सून म्हणून मक त्यांना आयाह, म्हणजे बाबा, म्हणायची. तोक होड्या बांधायचे. सेरुनाईच्या दोन्ही काठांवर त्यांच्या हातच्या होड्या चालायच्या. माझे वडील दूर रेल्वेत नोकरीला, वर्षातून दोनदा यायचे, त्यामुळे घरात शब्द तोकचाच. मला शाळेत घातलं तेही त्यांनीच. पण त्या सुट्टीत गावात एक बातमी आली, की शास्त्राच्या वर्गात मुलींना बेडूक कापायला लावतात. आज बेडूक, उद्या माणूस, असं मशिदीच्या ओट्यावर कुणीतरी म्हणालं. झालं!

मी पत्र घेऊन त्यांच्याकडे गेले. ते एका नव्या होडीच्या फळ्या तासत होते.

"तोक, मला उद्या नऊच्या आत शाळेत पोचायचंय."

त्यांनी मान वर केली नाही. "तीन वर्षं शिकलीस. पुरे झालं."

"तोक, माझ्यामुळं चौदाजणींचं नुकसान होईल."

"चौदाजणींना आजोबा आहेत. ज्यांनी त्यांनी आपापलं बघावं." मग तासणी थांबली. "बेडूक कापून मिळणार काय, ते सांग."

सोळा वर्षांची होते मी. "आत काय असतं ते कळेल," एवढंच म्हणाले.

"आत बेडूकच असणार," तोक म्हणाले आणि पुन्हा तासायला लागले.

मी पायऱ्यांवर परतले तेव्हा माझा चेहरा बघूनच हस्ना समजली. ओठ चावत ती होडीचा दोर सोडायला लागली. आणि तो दोर सुटताना पाहून माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी सरळ उडी मारून होडीत बसले. अंगावर घरातले कपडे, पाय अनवाणी. शाळेचा गणवेश तर वसतिगृहातल्या पेटीत होता.

"अगं, तोक?"

"तू वल्हव."

होडीत दुसरं वल्हं होतं, पण त्याचं पातं अर्धं तुटलेलं. मी तेच उचललं. एवढ्यात वर पायऱ्यांवर मक दिसली. धुतलेल्या पानांची जुडी घेऊन ती उभी होती. सगळं तिच्या डोळ्यांदेखत घडलं होतं.

माझी आई कमी बोलायची. तोकसमोर तर तिचा आवाज मी चार-पाच वेळाच ऐकला असेल. ती जुडी खाली ठेवून घराखाली गेली आणि तोकचं स्वतःचं लांब वल्हं घेऊन आली. कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही असं ते वल्हं.

"ते मोडकं टाक. त्यानं तू उद्यापर्यंत वळणसुद्धा ओलांडायची नाहीस."

"मक, तोक काय म्हणतील?"

"ते मी बघते. जा."

आम्ही निघालो. नदी पुराच्या पाण्यानं काठोकाठ भरली होती, प्रवाह आमच्या बाजूचा. वाहून आलेली झाडं चुकवत, ओरडत, हसत, एकमेकींना शिव्या घालत आम्ही होडी हाणली. छाती अशी धडधडत होती की भीती कुठली आणि आनंद कुठला ते वेगळं काढता येईना.

झैतून तर काठावर पेटी घेऊन तयारच बसली होती. तिचे वडील रबराच्या मळ्यात चीक काढायला जायचे. "बस नाही म्हणून अडकली होती पोर," ते म्हणाले आणि केळीच्या पानात बांधलेल्या भाताच्या सहा पुड्या होडीत ठेवल्या. "पंधरा पुऱ्या करा. मळ्यात सगळ्यांना सांगितलंय मी."

आता राहिली मैमून. तिचं गाव आलं तेव्हा ऊन कललं होतं. तिच्या वडिलांचं, हाजी दाऊदांचं, काठावरच दुकान होतं. मैमून आमच्यातली सगळ्यात हुशार. गणितात चिक्गू रोहानींच्या चुका काढायची. आम्ही धक्क्याला लागलो तर हाजी दाऊद स्वतः खाली आले.

"सलाम, हाजी. मैमूनला न्यायला आलोय."

"मैमून येणार नाही."

"हाजी, तिच्यावाचून चौदाच होतात."

"शास्त्र शिकवणार म्हणे. काय असतं त्यात? तुमच्यापैकी कुणी पाहिलंय?" अजून वर्गच उघडला नव्हता, तर बघणार कुठून? "ज्या वर्गात काय चालतं ते माझ्या ओळखीच्या एकाही मोठ्या माणसानं पाहिलेलं नाही, तिथं मी माझी मुलगी पाठवू? घरी जा पोरींनो. तुमच्या घरच्यांना तरी ठाऊक आहे का, तुम्ही कुठं आहात ते?"

माझी मान खाली गेली. वरच्या खिडकीत मैमून उभी होती. ती रडत नव्हती. तिनं दोन्ही हातांची बोटं पसरून आम्हाला दाखवली, मग एक हात पुन्हा दाखवला. पंधरा. आणि मग तो हात खाली घेतला.

आम्ही होडी पुन्हा प्रवाहात घातली. पण माघारी फिरायचं, असं तिघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. चौदा म्हणजे चौदा, निरीक्षकांचे पाय धरू, असं हस्ना म्हणाली. दिवस मावळताना आम्ही झैतूनच्या मावशीकडं उतरलो, भात खाल्ला आणि मेल्यासारख्या झोपलो.

सोमवारी उजाडता उजाडता पुन्हा नदीत. धुकं पाण्यावर टेकलेलं. तासाभरानं झैतूननं मागं वळून पाहिलं आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"सल्मिया, मागं कोणाची होडी आहे बघ."

मी पाहिलं. लांब, सडपातळ, नाकाड वर वळलेली. मधल्या भागावर पानांचं छप्पर. असं नाकाड सेरुनाईवर एकच माणूस घडवायचा. आणि धुक्यातून मागच्या टोकाला त्याची रुंद वेताची टोपी दिसत होती.

"तोक!"

माझं धाबं दणाणलं. त्यांनी मला पकडलं तर गेलेच मी, आणि चौदाच्याही तेरा होतील. "काठाला घे! लव्हाळ्यात घे!"

आम्ही होडी लव्हाळ्यात घुसवली, आडव्या पडलो, तोंडावर हात दाबले. बगळ्यांचा एक थवा फडफडत उठला. वल्ह्याचा आवाज जवळ आला. चुळुक, चुळुक. तोकचं वल्हवणं मी झोपेतही ओळखलं असतं. आमच्या अगदी समोर आल्यावर तो आवाज थांबल्यासारखा वाटला. मी डोळे मिटले. मग पुन्हा चुळुक, चुळुक, आणि आवाज पुढं गेला.

"गेले," हस्ना कुजबुजली. पण आम्ही होडी मागं रेटायला गेलो तर ती हलेना! चिखलात रुतली होती. झैतून मांड्यांपर्यंत चिखलात उतरली, मग मी, मग हस्ना. ढकलतोय, घसरतोय, तोंडात चिखल जातोय, वर सूर्य चढतोय. अर्धा तास तरी गेला. सुटली तेव्हा होडीनं असा झटका घेतला की झैतूनला दंडाला धरून आत ओढावं लागलं.

त्यानंतर आम्ही कसं वल्हवलं ते सांगता येणार नाही. तळहाताला फोड आले आणि फुटले. गावाचा धक्का दिसला तेव्हा घड्याळाच्या मनोऱ्यात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

"पळा!"

टेकडीची वाट आम्ही अर्धी चढलो असू. एवढ्यात वरून आवाज आला, नदीच्या या काठावरून त्या काठावर पोचणारा.

"आल्या! आल्या!"

शाळेच्या पायऱ्यांवर तोक उभे होते आणि टोपी हलवत ओरडत होते. माझ्या आधी येऊन, दारातच मला धरायला उभे होते ते!

"मागून!" मी म्हणाले. "स्वयंपाकघराकडून!"

वाट सोडून आम्ही झुडपांतून घुसलो, वसतिगृहाच्या मागच्या कुंपणावरून उड्या टाकल्या. झैतूनचा झगा टरकन फाटला. आचारीणबाईंनी आम्हाला पाहून हातातला डाव खाली टाकला. त्यांना वळसा घालून, पडवीतून, चुना लावलेल्या त्या कोठीत आम्ही तिघी एकदमच शिरलो आणि चिखलाचे बारा-पंधरा पाय उमटवत मधोमध थांबलो.

आत निरीक्षक साहेब खुर्चीत बसले होते, हजेरीपट पुढ्यात, लेखणी हातात. शेजारी चिक्गू रोहानी, चेहरा पांढराफटक. भिंतीशी मुली रांगेत उभ्या. आणि रांगेच्या टोकाला, स्वच्छ गणवेशात, मैमून. मैमूनच्या पाठीशी माझी आई.

मला काहीच कळेना. "मक?"

"आधी हजेरी दे," मक म्हणाली.

चिक्गू रोहानींनी एक मोठा श्वास घेतला. मग एकेक नाव वाचायला लागल्या. हस्ना म्हणाली, "हजर." झैतून म्हणाली, "हजर." मी म्हणाले तेव्हा माझा आवाज फाटला. निरीक्षक साहेबांनी चष्म्यावरून आम्हाला पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत.

"पंधरा," ते म्हणाले. "नऊच्या ठोक्याला मी बाराच मोजल्या होत्या आणि निघणार होतो. बाहेरच्या त्या वृद्ध गृहस्थांनी मला दारात अडवलं. म्हणाले, तीन मुली लव्हाळ्यात लपल्यात, चिखलातून निघाल्या की येतील. अर्धा तास द्या. मी असलं कारण नोकरीत कधी ऐकलं नव्हतं. म्हणून थांबलो."

आणि त्यांनी सही केली.

पुढं काय झालं ते नीट आठवत नाही. मुली ओरडत होत्या, कुणीतरी मला मिठी मारली आणि स्वतःही चिखलानं माखली, चिक्गू रोहानी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी बाहेर पायऱ्यांवर आले. तोक टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

"तोक, तुम्हाला कसं कळलं आम्ही लव्हाळ्यात आहोत ते?"

"बगळे उगाच उठतात का? सगळं आयुष्य नदीवर गेलंय माझं."

"मग हाक का नाही मारलीत?"

"मारली असती तर तू आणखी आत शिरली असतीस. संध्याकाळपर्यंत निघाली नसतीस चिखलातून." त्यांनी माझ्या तळहातांकडे पाहिलं, फोडांकडे, आणि नजर वळवली. "वल्हं आणलंयस ना परत?"

बाकीचं मैमूननं सांगितलं. आम्ही निघाल्यावर मकनं तोकपुढं जाऊन उभं राहून सांगितलं होतं, "आयाह, मुलगी गेली. वल्हं मी दिलं. आता एकतर माझ्यावर रागवा, नाहीतर मला होडीत घ्या. रागावून पोर परत यायची नाही." तोक रागावले. पुष्कळ रागावले. मक उभीच राहिली. शेवटी ते म्हणाले, पोरगी एवढ्या पुरात गेलीय, निदान पोचते का ते तरी बघायला हवं. वाटेत मैमूनच्या खिडकीत रडं ऐकू आलं, आम्ही गेल्यावर फुटलेलं. आणि माझी न बोलणारी आई हाजी दाऊदांच्या दुकानात शिरली.

"ओळखीच्या मोठ्या माणसानं पाहिलेलं नाही म्हणता ना?" ती त्यांना म्हणाली होती. "मग मी बघते. दिवसभर त्या वर्गात बसते. काय चालतं ते तुम्हाला येऊन सांगते. वाईट असलं तर तुमची मुलगी आणि माझी मुलगी, दोघींना एकाच होडीतून परत आणते."

हाजी दाऊद हसले म्हणे. तुला वाचता येत नाही लिमाह, तुला काय समजणार? पण तोक आमच्या नदीवरचे मोठे माणूस. ते शेजारी उभे होते आणि नाही म्हणत नव्हते. हाजींनी रात्रभर विचार केला आणि पहाटे मैमूनची पेटी स्वतः होडीत ठेवली.

म्हणून त्या दिवशी, मलय मुलींच्या त्या पहिल्या शास्त्राच्या वर्गात, मागच्या बाकावर माझी आई बसली. शाळेनं पन्नासाव्या वर्षी पुस्तक काढलं त्यात आम्हा पंधराजणींची नावं छापली. मी डॉक्टर झाले हे आहे, मैमून विद्यापीठात गणित शिकवायची हे आहे, हस्ना आणि झैतूननं शाळा काढल्या हेही आहे. सोळाव्या माणसाची नोंद कुठंच नाही. त्या पुस्तकासाठी मुलाखत घ्यायला आलेल्या मुलीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "पण त्या तिथं करत काय होत्या?"

काय करत होती? सुरुवातीला ती पहारा देत होती. पाठ ताठ, हात मांडीवर. चिक्गू रोहानी आत आल्या तशी तिनं सरळ विचारलं, "बेडूक कधी?"

"पुढल्या सत्रात," चिक्गू म्हणाल्या. "आणि मेलेले."

मकनं ते मनात टिपून घेतलं. शास्त्राचे शिक्षक अजून यायचे होते, म्हणून पहिला तास चिक्गूंनीच घेतला. खोक्यातून नवाकोरा सूक्ष्मदर्शक काढला. नदीतून भरून आणलेल्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवला आणि एकेकीला बोलावलं. मैमूननं पाहिलं आणि ती "अय्या!" म्हणून मागं सरकली. हस्नाला खरंच वाटेना, तिनं काच पुसून दुसरा थेंब ठेवायला लावला. माझी पाळी आली. त्या उजेडाच्या वर्तुळात काहीतरी जिवंत होतं. वळवळत होतं, आपटत होतं, एक दुसऱ्याच्या मागं धावत होतं. एका थेंबात! मी नाचायची बाकी होते.

पंधरा झाल्या. चिक्गूंनी मागं पाहिलं. "काक लिमाह, तुम्ही पण या." काक म्हणजे ताई.

मक उठली. डोक्यावरचं वस्त्र सारखं केलं, वाकली, एक डोळा मिटला. पहिल्यांदा तिला काही दिसलं नाही. चिक्गूंनी चाक किंचित फिरवलं. मग ती हललीच नाही. किती वेळ! तिचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झालेला मी पाहत होते. शेवटी ती सरळ झाली.

"हे नदीचं?"

"नदीचं."

"आमच्याही?"

"एकच नदी आहे, काक."

"आणि उकळलं तर?"

चिक्गूंनी स्पिरिटचा दिवा पेटवला, नळीत पाणी उकळलं, निवू दिलं, थेंब ठेवला आणि बाजूला झाल्या. मक पुन्हा वाकली. ह्या वेळी ती त्याहूनही जास्त वेळ पाहत राहिली.

संध्याकाळी तिला निरोप द्यायला मी धक्क्यावर गेले. तोक होडीत बसून वाट पाहत होते. लांबच्या पल्ल्याआधी पाणी प्यायची त्यांची सवय. त्यांनी नारळाची करवंटी नदीत बुडवली आणि ओठांकडे नेली. मकनं हात पुढं केला आणि ती करवंटी त्यांच्या हातातून काढून घेतली. सासऱ्याच्या हातातून! पाणी नदीत ओतून टाकलं.

"आजपासून उकळल्याशिवाय प्यायचं नाही, आयाह. आपणही नाही, गावातही कुणी नाही. मी घराघरांत सांगणार आहे."

तोक तिच्याकडे बघतच राहिले. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही सांगितलं," माझी आई म्हणाली. "मी पाहिलं."